टक्कल: अचानक पडणारे आणि हळूहळू येणारे

जानेवारी २०२५मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस काही दिवसांतच गळाले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. असे अचानक गळणे तातडीने तपासायलाच हवे.

पुरुषांचे नेहमीचे टक्कल वेगळे. आनुवंशिकतेमुळे डीएचटी या संप्रेरकाने केसांची मुळे वर्षानुवर्षे आक्रसत जातात. दोष बोअरच्या पाण्याचा किंवा हेल्मेटचा नसतो. मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइडचा गुण दिसायला चार-सहा महिने लागतात. औषध थांबवले की केस पुन्हा विरळ होतात.

म्हणून लग्न ठरेना या धास्तीने ‘पंधरा दिवसांत केस’ म्हणणाऱ्या तेलावर पैसे उधळू नयेत. छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालयाचा त्वचारोग विभाग आहे. आधी तिथे दाखवावे. उपचार न घेणे हाही शहाणा निर्णय असू शकतो.