ब्रेक नसलेल्या गाड्या

२०१४ साली लेकीकडे कॉव्हेंट्रीला होतो, तेव्हा जावईबापूंनी ब्रँडनच्या मैदानावर स्पीडवे दाखवला. चार स्वार, चार फेऱ्या, ५०० सीसीच्या गाड्या आणि ब्रेक अजिबात नाही! (आमच्या हिने डोळेच मिटून घेतले.) २०१६ नंतर तिथे शर्यत नाही. २०२३ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टन आणि पीटरबरोही गेलं.

"लोकांची आवड बदलली" म्हणे! साफ खोटं. मग पोलंडमध्ये स्टेडियमं कशी भरतात? तोरुन शहराने तर २००९ मध्ये स्पीडवेसाठी नवं मैदान उभारलं. ब्रिटनमध्ये बऱ्याच ठिकाणी मैदान दुसऱ्याचं, क्लब भाडेकरू. मालकाचा बेत बदलला की भाडेकरू रस्त्यावर. निदान दोन-चार ट्रॅक तरी नगरपालिकांनी घ्यावेत.

आणि ते 'गेस्ट' प्रकरण आधी बंद करा. आपला स्वार जखमी झाला की दुसऱ्या संघाचा उसना आणायचा! काल ज्याची हुर्यो उडवली, त्याच्यासाठी आज टाळ्या कशा वाजवायच्या? शाळेच्या कबड्डीत कुणी असं केलं असतं, तर मी सामनाच रद्द केला असता. जावईबापू म्हणतात, "बाबा, त्याशिवाय संघच पुरे होणार नाहीत." अहो, मग गावातली पोरं उतरवा. हरतील की! पण बघायला त्यांची मावशी तरी येईल.