छाप म्हणजे नक्कल?

परवा मस्तगडला घरी गेलो होतो. आजीच्या पडलेल्या वाड्याचं, लिनोवर कोरून छापलेलं माझं चित्र सगळ्यांना दाखवलं. चुलतभाऊ म्हणाला, "फोटो आहे की! आणि छापच ना, म्हणजे नक्कल."

अरे बाबा, देवघरातली आपली लक्ष्मी काय आहे? रविवर्म्याचा छापच! १८९४ मध्ये त्याने मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला, १९७२ मध्ये जळाला. आजीने त्या लक्ष्मीपुढे आयुष्यभर दिवा लावला. नक्कल म्हणून?

आणि तुझ्या फोटोत फक्त दरवाजा आहे. आतल्या जिन्याला पायऱ्या सहा की सात? कोरायला बसल्यावर ठरवावंच लागलं. (जिना छापात उलट्या बाजूला आला, ती चूक माझी.) तू सात म्हणालास, काकू अजून सहावरच अडून बसली आहे.