शिक्का कधी मारावा?

'मादोका माजिका' ही 2011ची जपानी अ‍ॅनिमे मालिका सुरुवातीला जादूची शक्ती मिळालेल्या शाळकरी मुलींची गोष्ट वाटते. तिसऱ्या भागात एक मुख्य पात्र अनपेक्षितपणे मारले जाते आणि मालिकेचा सूरच पालटतो. 1995ची 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन' महाकाय रोबोंच्या लढायांनी सुरू होते आणि एका मुलाच्या मनाच्या पडझडीवर येऊन थांबते. अशा मालिका कोणत्या प्रकारात घालायच्या, यावर चाहते हिरिरीने भांडतात. 'शोनेन', 'शोजो' या जपानी पाट्यांनीही हे भांडण मिटत नाही, कारण त्या मुळात कथेचा प्रकार सांगत नाहीत. ती मुलांसाठी की मुलींसाठी, एवढेच सांगतात.

खानदेशाला हे भांडण नवे नाही. जळगावजवळच्या असोद्यात 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. शेतात, घरकामात सुचलेली त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ यांनी टिपून ठेवली. 1951 साली बहिणाबाई गेल्या आणि 1952 साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी छापून आली. आता याला म्हणायचे काय? घाट ओवीचा, विषय शेत, सासर-माहेर आणि सणवारांचा. पण सुगरणीच्या खोप्यापासून निघालेले गाणे पाहता पाहता माणसाच्या जगण्यावर भाष्य करू लागते. बोलीवरही एकमत नाही. कोणी अहिराणी म्हणतो, कोणी लेवा गणबोली.

प्रश्न नुसत्या नावाचा असता तर सोडून देता आला असता. ग्रंथालयातल्या ड्युई दशांश पद्धतीत पुस्तकाला फळीवर एकच जागा मिळते. लोकसाहित्य 398 मध्ये, म्हणजे समाजशास्त्रांच्या गटात. मराठी कविता 891.461 मध्ये. पहिल्या फळीवर बहिणाबाई एका निनावी परंपरेचा नमुना ठरतात, दुसरीवर स्वतःच्या नावाच्या कवयित्री.

तरीही वर्गीकरणच नको, असे म्हणणे सोयीचे असले तरी चुकीचे आहे. चिमुरड्यांची मालिका समजून मुलांना 'मादोका' लावून देणाऱ्या पालकाला पुढचे वळण आधी कळायलाच हवे. उपाय आपल्याच एस. आर. रंगनाथन यांनी 1933च्या द्विबिंदू वर्गीकरणात दाखवला: विषयाचे पैलू सुटे करा आणि प्रत्येकाची वेगळी नोंद घ्या. मालिकेच्या बाबतीत घाट, विषय, सूर आणि प्रेक्षकवर्ग वेगवेगळे लिहावेत. सूर बदलत असेल तर तसे स्पष्ट म्हणावे. मुख्य म्हणजे ही नोंद पहिल्या दोन भागांवरून नव्हे, सगळी मालिका पाहून व्हावी.

बहिणाबाईंनाही हाच न्याय लागू आहे. घाट ओवीचा, बोली खानदेशची, कर्तृत्व एका कवयित्रीचे. गावच्या वाचनालयात त्यांचे पुस्तक लोकसाहित्याच्या फळीवर दिसले, तर ग्रंथपालांना ते कवितेत हलवायला सांगा. लोकगीतांच्या यादीत जोडनोंद खुशाल राहू द्या. पुस्तकाची जागा मात्र कवितेतच.