भाला हातात होता म्हणून...

ग्लॅडिस लन हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसेल. इंग्लंडच्या बर्मिंगहॅममधल्या बर्चफिल्ड हॅरियर्स क्लबची ही खेळाडू. १९३४ साली लंडनला एम्पायर गेम्स झाले, म्हणजे आजचे राष्ट्रकुल खेळ. महिलांच्या मैदानी स्पर्धा त्यात पहिल्यांदाच होत्या. या बाईने ८८० यार्डांची शर्यत जिंकली आणि भालाफेकही जिंकली. पळणं वेगळं, फेकणं वेगळं. दोन्हींत सुवर्ण!

१९३७ मध्ये तिने एक मैल ५ मिनिटं १७ सेकंदांत पार केला. तोवर कुठल्याच महिलेची एवढी कमी वेळ नव्हती. पण पुढच्याच वर्षी सिडनीच्या खेळांत महिलांची ८८० यार्डांची शर्यत ठेवलीच नाही. तिथे तिला भालाफेकीत कांस्य मिळालं. भाला हातात होता म्हणून निदान तेवढं तरी.

ऑलिम्पिकमध्ये तर आधीच दार बंद झालं होतं. १९२८ ला ॲमस्टरडॅममध्ये महिला पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या. पहिल्या तिघींनी जुना विश्वविक्रम मोडला. पण पेपरांत काय छापून आलं? अकरा जणी धावल्या, पाच जणींनी शर्यत सोडली, बाकीच्या कोसळल्या. प्रत्यक्षात नऊ जणी धावल्या आणि नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली. पण ‘बायकांना हे झेपत नाही’ म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. शर्यत रद्द. ती परत आली थेट १९६० ला, रोममध्ये. मधली बत्तीस वर्षं गेली आणि लनची सगळी उमेद त्यातच गेली.

मी स्वतः बातमीदार आहे, म्हणून हे जास्त टोचतं. तिखटमीठ लावलेली बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, पण तिच्या जोरावर घेतलेला निर्णय पिढ्यान् पिढ्या भोगावा लागतो.

आपल्या साताऱ्याच्या ललिता बाबरने २०१६ ला रिओत ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. महिलांची ही शर्यत ऑलिम्पिकमध्ये आली २००८ ला. ती दहा वर्षं उशिरा आली असती तर?

म्हणून शाळेच्या, तालुक्याच्या स्पर्धेत मुलींचा एखादा प्रकार ‘झेपणार नाही’ म्हणून गाळला, की गप्प बसू नका. कुणी ठरवलं आणि कशाच्या आधारावर, एवढं तरी विचारा. मुलगी हरली तर पुढच्या वर्षी पुन्हा उतरेल. शर्यतच नसेल तर ती उतरणार कशात?