विकताना ‘अनब्रेकेबल’, फुटल्यावर ‘काच’

“काचच ती सर. कधीतरी फुटणारच.”

मागच्या मे महिन्यात एका एसी शोरूमच्या काउंटरवर मला हे ऐकवलं गेलं. शोरूमचं आणि कंपनीचं नाव घेत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही. समोर माझा गॉगल होता. धातूची फ्रेम, दांडीच्या आतल्या बाजूला कोरलेला नंबर, मोजकेच नग काढले म्हणून गाजलेलं मॉडेल. चौदा हजार रुपये. उजव्या भिंगावर, कानाकडच्या कोपऱ्यात, बरोबर स्क्रूपासून एक चीर निघून मध्यापर्यंत आली होती. गॉगल पडला नव्हता. त्याच्यावर कुणी बसलंही नव्हतं.

याच काउंटरवर आठ महिन्यांपूर्वी हाच गॉगल विकताना ह्याच पोरानं भिंग अंगठ्यानं दाबून दाखवलं होतं. “अनब्रेकेबल आहे सर. पॉलीकार्बोनेट.”

आपल्या भाषेनं या लोकांची चांगलीच सोय करून ठेवली आहे. चष्म्यात काहीही बसवलेलं असो, आपण त्याला काचच म्हणतो. माझ्या वडिलांच्या रेबॅनमध्ये खरोखरची काच होती. रेबॅन १९३७ साली बाजारात आणला तो बॉश अँड लॉम्ब या अमेरिकेतल्या भिंगांच्या कंपनीनं. पुढे राजस्थानात भिवाडीला त्यांचा कारखानाही झाला. त्या काळच्या भिंगाच्या कडेला बारीक अक्षरांत ‘बीएल’ कोरलेलं असायचं, आणि जुने गॉगल जमवणारे अजूनही आधी तेच शोधतात. ती काच पडली की फुटणार हे वडिलांना ठाऊक होतं, म्हणून ते गॉगल रुमालात गुंडाळून ठेवायचे. आजही काही मॉडेलांत खरी काच मिळते, पण बहुतेक गॉगलांत प्लास्टिक असतं, आणि ते फुटत नाही म्हणूनच ते आपल्या गळ्यात मारलं जातं. मग फुटल्यावर त्याची पुन्हा काच कशी होते?

ते का फुटलं, हे समजायला जालन्याच्या माणसाला इंजिनिअर व्हावं लागत नाही. आमच्या एमआयडीसीत दिवसरात्र सळई निघते. तापलं की वाढतं, निवलं की आकसतं, हे रोलिंग मिलमधल्या हेल्परलाही पाठ असतं. आमच्या गावावरून मनमाड–सिकंदराबाद लाइन जाते. रुळांच्या सांध्यात फट का सोडतात, हे आम्ही शाळेतच शिकलो. गॉगलमध्ये प्रकार तोच, फक्त इथे धातूपेक्षा भिंग जास्त वाढतं. तेवढ्याच उष्णतेत पॉलीकार्बोनेट स्टीलच्या साधारण चौपट पसरतं, आणि टायटॅनियमच्या तर सातपट.

हिशेब मांडू. भिंग ६० मिलिमीटर रुंद, एसीत २५ अंशांना बसवलेलं. मे महिन्यात जालन्यात बाहेर ४२, आणि उन्हात बंद उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ६५ अंश सहज होतात. चाळीस अंशांच्या फरकानं भिंग ०.१५ मिलिमीटरनं वाढतं, स्टीलची रिंग ०.०४ नं. उरलेला दशांश मिलिमीटर, म्हणजे जेमतेम केसाची जाडी, जाणार कुठे? चारी बाजूंनी धातू आहे आणि कोपऱ्यात स्क्रू आवळलेला. रोज दुपारी दाब, रोज रात्री सुटका. भिंगाची कड घासताना जिथे बारीकसा टवका उडालेला असतो, तिथून चीर धरते.

यावर उपाय आहे, आणि तो काही रॉकेट सायन्स नाही. भिंग केसभर लहान कापायचं आणि रिंगच्या खाचेत पातळ पट्टी घालायची. माझा आरोप असा की हे कंपनीला नीट माहीत आहे. पण शोरूममध्ये हातात घेतल्यावर गॉगल भारदस्त लागला पाहिजे, भिंग जरासुद्धा हललं तर चौदा हजार कोण देईल? म्हणून ते ठासून बसवायचं. मेमध्ये काय होईल ते गिऱ्हाइकाचं नशीब.

“पण गाडीत ठेवायचाच कशाला?” हा प्रश्न मला शोरूममध्ये विचारला गेला, आणि घरीही. गिऱ्हाइकाच्या चुका असतात, मान्य. नेलपेंट काढायच्या ऍसिटोननं भिंग पुसणारे लोक मी पाहिलेत. पॉलीकार्बोनेटचं त्यानं वाटोळंच होतं. डॅशबोर्डवर गॉगल टाकणं हाही शहाणपणा नाही. पण उन्हासाठी विकलेली वस्तू उन्हात ठेवली म्हणून वॉरंटी जाणार असेल, तर पावसात उघडली म्हणून छत्रीचीही घालवा.

मामांचा मुद्दा वेगळाच होता. “जालन्यात राहून चौदा हजारांचा गॉगल पाहिजेच कशाला?” मामा, तुमच्या बुलेटला मी कधी हा प्रश्न विचारला नाही.

जास्त राग आला तो गॉगल जमवणाऱ्या मित्रांचा. त्यांचा सल्ला: लिमिटेड पीस कुणी वापरतं का, डब्यात ठेवायचा असतो. आपण वस्तू डब्यात ठेवतो म्हणूनच त्या उन्हात टिकतात की नाही हे कुणी तपासत नाही. दांडीवरच्या नंबरासाठी आपण दुप्पट पैसे मोजतो आणि स्क्रू किती आवळलाय ते बघतही नाही. या लबाडीत आपलाही थोडा हात आहे.

शेवटी गॉगल घेऊन जुन्या जालन्यात गेलो. तिथे एक चष्मेवाले चाचा आहेत, टेबलाएवढं दुकान, वर गरगरणारा पंखा. त्यांनी डोळ्याला लूप लावून चीर पाहिली आणि म्हणाले, “भाऊ, ही फुटली नाही. हिला फोडलीय.”

मग त्यांनी न फुटलेल्या डाव्या भिंगाचा स्क्रू सैल केला. रिंगची दोन टोकं टुणकन अलग झाली. भिंग आत असताना त्यांनी ती बोटांनी जुळवायचा प्रयत्न केला, जुळेनात. “बघ. माप मोठं आहे. स्क्रूनं ओढून बसवलंय.” विषय तिथेच संपला होता. ज्या माणसानं हे तीस सेकंदांत दाखवलं, त्याच्या दुकानात एसी नाही.

घरी येऊन आणखी एक खटाटोप केला. तुम्हीही करून बघा. लॅपटॉपवर पूर्ण पांढरी स्क्रीन लावा, तिच्यासमोर आपला गॉगल धरा आणि दुसऱ्या कुणाच्या तरी पोलराइज्ड गॉगलमधून बघा. एलसीडीचा उजेड पोलराइज्ड असतो, त्यामुळे भिंगात जिथे ताण असेल तिथे इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात. (तुमचा गॉगलच पोलराइज्ड असेल तर हे जमणार नाही. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकमध्ये थोडे रंग एरवीही दिसतात, तेवढ्यानं घाबरू नका.) माझ्या डाव्या, धडधाकट भिंगाच्या कोपऱ्यात, स्क्रूपाशी, रंगांचा गच्च पुंजका होता. म्हणजे तेही रांगेतच उभं होतं.

कंपनीचं उत्तर मेलवर आलं: मॉडेल बंद झालं आहे, सुटं भिंग मिळणार नाही, नव्या गॉगलवर २० टक्के सूट. पूर्वी फ्रेमवाला भिंगवाल्याकडे बोट दाखवायचा. या धंद्यात आता तीही पळवाट उरलेली नाही: रेबॅन १९९९ साली इटलीच्या लक्झोटिकाकडे गेला, आणि २०१८ मध्ये लक्झोटिका भिंगांच्या धंद्यातल्या एसिलोरशी एक झाली. फ्रेम आणि भिंग एकाच छपराखाली आलं. माझा गॉगल त्यांचा नाही, पण वारं कुठे वाहतंय ते कळावं म्हणून सांगितलं.

केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. त्यासाठी चार क्षेत्रं निवडली: शेतीची यंत्रं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं, वाहनं. नाकावरची वस्तू त्यात कुठेच नाही. पण २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येतं, आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. चौदा हजारांसाठी कोण कोर्टात जाईल, हाच तर त्यांचा हिशेब असतो.

चाचांनी दोन्ही बाजूंना साधी भिंगं बसवून दिली, केसभर लहान कापून, पट्टी घालून. साडेतीनशे रुपये. ‘ओरिजिनल’ राहिला नाही म्हणून मित्र हळहळले. या उन्हाळ्यात तो रोज वापरला.

फुटलेलं भिंग पाकिटात आहे. सोबत बिल आणि ‘इम्पॅक्ट रेझिस्टंट’ असं छापलेला टॅग. तक्रार टाइप करून घ्यायला गेलो तेव्हा टायपिस्टनं सवयीनं लिहिलं: ‘गॉगलची काच फुटली.’ ते मी खोडायला लावलं आणि लिहून घेतलं: ‘पॉलीकार्बोनेटचे भिंग तडकले.’