पोलीस ठाण्यातील नवी निरक्षरता

१ जुलै २०२४ पासून देशात नवी नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि पोलिसाच्या हाती काठीच्या जोडीला कॅमेराही आला. झडती व जप्ती यांचे दृक्‌श्राव्य चित्रण आता सक्तीचे आहे. नागरिकाला घरबसल्या संगणकावरून फिर्याद पाठविता येते. तीन दिवसांत तिच्यावर सही केली की ठाण्याने ती नोंदवावयाची आहे. कायद्याने आपले काम केले. तो राबविणारे हात तयार आहेत काय, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ सोयीचा असता तर आम्ही त्याला ही जागा दिली नसती. जालना येथील निवडणुकीच्या खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली निःसंदिग्धपणे सांगितले की, संगणकीय नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यावयाची तर सोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. नव्या साक्ष अधिनियमाने त्या प्रमाणपत्रात नोंदीची ‘हॅश’ संख्याही मागितली आहे. ही संख्या म्हणजे नोंदीचा जणू अंगठ्याचा ठसा. एका अक्षराचा फेरफार झाला तरी ती बदलते. जप्त केलेला मोबाइल केवळ कुतूहलाने चाळणारा हवालदार मनाने निष्पाप असेल; परंतु उद्या आरोपीचा वकील नेमके त्यावरच बोट ठेवील, आणि जन्माची पुंजी गमावलेला निवृत्त गृहस्थ न्यायालयातून रिकाम्या हाताने परतेल.

यंत्रे नाहीत, ही सबब आता चालणार नाही. ठाण्याठाण्यांतील गुन्ह्यांच्या नोंदी जोडण्याची केंद्रीय योजना २००९ सालीच मंजूर झाली. उणीव आहे ती विद्येची. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील तपास निरीक्षकाहून खालच्या अधिकाऱ्यास करता येत नाही. ठाण्यात संगणक जाणणारा मात्र बहुधा एखादा तरुण शिपाई असतो. साहेबांनी सांगावे व त्याने टंकावे, अशी ही वाटणी! ज्यास अधिकार आहे त्यास विद्या नाही, आणि ज्यास विद्या आहे त्यास अधिकार नाही.

यावर उपाय अवघड नाही. नाशिकच्या अकादमीतील नव्या उपनिरीक्षकांइतकेच सेवेत मुरलेल्या निरीक्षकांनाही या विषयाचे शिक्षण द्यावे. त्याची परीक्षा कागदावर न घेता यंत्रासमोर घ्यावी. बढतीच्या वेळी ती विचारात घ्यावी. शिकून तयार झालेल्या माणसास बंदोबस्तावर धाडू नये. वयाची पन्नाशी उलटल्यावर नवी लिपी गिरविणे जड जाते, हे आम्ही स्वानुभवाने जाणतो. परंतु चोर ती केव्हाच शिकला आहे. पोलिसास निरक्षर राहण्याची मुभा समाजाने का द्यावी?