इंजिनाचा श्वास आधी मोकळा करा

गेल्या आठवड्यात राजूर घाट चढून एक विशीतला मुलगा माझ्या गॅरेजवर आला. गाडी स्टँडला लावत म्हणाला, "काका, घाटात गाडी दम टाकून रायली. सायलेन्सर पोकळ करून द्या अन् फिल्टर काढून टाका. पावर पायजे." मोताळ्याकडचा पोरगा, रोज पांदण रस्त्याने शेतात जाणारा. त्याच्या मोबाइलवर यामाहाची रॅप्टर 700 ही चारचाकी एटीव्ही वाळूच्या टेकड्यांवर उड्या घेत होती. अशी गाडी त्याला परवडणार नाही, पण तिच्यात करतात ते बदल आपल्या मोटरसायकलवर करून घ्यावेत, एवढीच त्याची इच्छा होती.

त्याची इच्छा मला चुकीची वाटत नाही. यंत्रावर जीव असलेला पोरगाच असं विचारतो. म्हणून या आठवड्याचं लिखाण त्याच्यासाठी.

रॅप्टरसारख्या गाडीची ताकद वाढवतात म्हणजे नेमकं काय करतात? तिचं इंजिन 686 सीसीचं, एका सिलिंडरचं. हवा जास्त आत यावी म्हणून हवापेटीचं झाकण मोकळं करतात, जळालेला वायू लवकर बाहेर पडावा म्हणून सायलेन्सर बदलतात, आणि वाढलेल्या हवेच्या हिशेबाने पेट्रोल वाढवतात. हवा, पेट्रोल, धूर हे एकाच जोतातले तीन बैल आहेत; एकाला पुढे हाकलून भागत नाही. नुसता सायलेन्सर पोकळ केला आणि पेट्रोल होतं तेवढंच ठेवलं, तर मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, व्हॉल्व्ह आणि पिस्टन जळायला लागतात. बीएस-6 गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर असतो, पण तोही ठरलेल्या मर्यादेतच सावरून घेतो. आवाज मात्र पहिल्या दिवसापासून वाढतो आणि कानाला तीच ताकद वाटते.

मी त्याच्या गाडीची हवापेटी उघडली. कागदी फिल्टरच्या घड्यांमध्ये काळ्या मातीची धूळ इतकी गच्च बसली होती, की बोटाने खरडल्यावर वडी निघाली. फिल्टर उजेडासमोर धरला, पलीकडचं काहीच दिसेना. टॅपेट तपासले तर एका व्हॉल्व्हची फट राहिलीच नव्हती. म्हणजे तो व्हॉल्व्ह पुरता मिटत नव्हता आणि कॉम्प्रेशन तिथूनच निसटत होतं. पोरगा नवी ताकद मागत होता आणि गाडी असलेलीच ताकद सांडत होती.

त्यात आपली हवाही समजून घ्यायला हवी. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. इथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास विरळ असते. वर उन्हाळा. हिवाळ्यातल्या 15 अंशांच्या सकाळी इंजिन एका घोटात जेवढी हवा घेतं, त्यापेक्षा 45 अंशांच्या दुपारी साधारण 9 टक्के कमी घेतं. मलकापूरहून घाट चढताना गाडी जड वाटते ती काही अंशी यामुळेही. त्यात फिल्टर तुंबलेला असेल तर उरलासुरला श्वासही कोंडतो. आणि फिल्टर काढूनच टाकला, तर हीच काळी धूळ रिंगा आणि सिलिंडरची भिंत घासत राहते. मग पुढचा खर्च सिलिंडर-किटचा.

घाटातली ओढ खरोखर वाढवायची असेल तर आधी चेन-स्प्रॉकेट बघा. पुढचं स्प्रॉकेट 14 दात्यांऐवजी 13 दात्यांचं केलं तर मागच्या चाकावरची ओढ सुमारे पावणेआठ टक्क्यांनी वाढते आणि जवळपास त्याच प्रमाणात सपाटीवरचा वेग घटतो. फुकट काहीच मिळत नाही, पण हा सौदा सरळ आहे आणि नको वाटला तर उलटा फिरवता येतो. शेतात जाणाऱ्या गाडीला तो शोभतो. खामगावच्या जिनिंगकडे कापसाची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा डिझेल पंप वाढवून घेणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे, की फुकट काहीच मिळत नाही. जास्त डिझेल ओतून निघणारा काळा धूर म्हणजे न जळलेला पैसा.

आपल्याकडे इंजिनिअरिंगची पोरंही स्वतःच्या हाताने एटीव्ही बांधतात. बऱ्हाणपूरच्या पलीकडे, इंदूरजवळच्या पीथमपूरला 2007मध्ये बाहा एसएईइंडियाची स्पर्धा सुरू झाली. खडकाळ, खड्ड्यांच्या मार्गावर चार तास टिकणारी एका माणसाची गाडी विद्यार्थ्यांनी स्वतः बांधायची. अनेक वर्षं सगळ्या संघांना सारखंच इंजिन असे, 305 सीसीचं, 10 अश्वशक्तीचं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन. त्याची ताकद वाढवायला नियमाने सक्त मनाई. मग जिंकायचं कशावर? कोणी चौकटीचं वजन उतरवलं, कोणी गिअरचं प्रमाण पुन्हा मांडलं, कोणी सस्पेन्शन असं लावलं की चाक जमीन सोडत नाही. इंजिन एकच असून एक गाडी पुढे जाते आणि दुसरी मागे राहते, यातलं शिक्षण मला फार मोलाचं वाटतं.

आता काळजीचं बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाजोगा बदल करता येत नाही. 2019च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झालाच, तर विम्याचा दावा अडण्याची भीती वेगळी. दुसरी काळजी जंगलाची. बुलढाण्याहून खामगावला जाताना बोथ्याचा घाट ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. एप्रिलमध्ये तिथे सागाच्या पाचोळ्याचा थर असतो. अमेरिकेत सरकारी जंगलात एटीव्ही न्यायची तर धुरातली ठिणगी अडवणारी जाळी सक्तीची असते. आपण तर सायलेन्सरची आतली सगळी रचनाच उपसून टाकतो. 2019मध्ये टिपेश्वरहून तेराशे किलोमीटर चालत एक वाघ याच जंगलात पोचला होता. त्याने शांत जागा शोधली. तिथे आपण फटाक्याचा आवाज नेऊ नये.

पोरांना नुसतं "करू नका" म्हणून भागणार नाही. शेगावला संत गजानन महाराजांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय 1983पासून आहे, जिल्ह्यात आयटीआय आहेत. अभियांत्रिकीच्या इंजिन प्रयोगशाळेत ब्रेक लावून अश्वशक्ती मोजण्याची सोय असते. महिन्यातून एक दिवस ती आसपासच्या पोरांना खुली करा. त्यांच्या डोळ्यांसमोर आधी फिल्टर तुंबवून इंजिन चालवा, मग स्वच्छ फिल्टर लावून. ब्रेकला जोडलेल्या तराजूचा काटा काय म्हणतो ते त्यांचं त्यांनाच वाचू द्या.

मोताळ्याच्या पोराची गाडी नवा फिल्टर, फट जुळवलेले टॅपेट आणि ताणलेली चेन घेऊन परत गेली. सायलेन्सरला हात लावला नाही. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, "काका, राजूर घाटात तिसऱ्यातच चढली." पुढच्या वेळी ये, म्हटलं, तुझे ब्रेक बघू.